डोळ्याचा लिम्फोमा : एवढ्या सगळ्या तपासण्या खरंच लागतात का?

तळ्याकाठी | ४ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्या सासूबाई, वय ६७, मधुमेह आहे, राहणार सांगलीजवळ. गेल्या दिवाळीपासून त्यांच्या डाव्या डोळ्याची खालची पापणी ओढली की आत गुलाबी-केशरी चट्टा दिसायचा. दुखणं नाही, चिपडं नाहीत, नजर व्यवस्थित. आधी ॲलर्जीचे थेंब झाले, मग स्टिरॉइडचे. थेंब चालू असले की चट्टा मावळायचा, बंद केले की आठ-दहा दिवसांत पुन्हा हजर. मार्चमध्ये पुण्यात दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी पापणी उलटवून पाहिली आणि म्हणाले, तुकडा काढून तपासायला हवा. रिपोर्ट आला : मार्जिनल झोन लिम्फोमा (लिम्फोमा म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींचा कॅन्सर), माल्ट प्रकार, म्हणजे शरीरातल्या ओलसर अस्तरांत होणारा.

घरात कॅन्सर हा शब्द कोणी उच्चारत नाही. सगळे "डोळ्याचं ते" म्हणतात.

आता कर्करोगतज्ज्ञांनी यादी दिली आहे. डोळ्याच्या खोबणीचा एमआरआय, पेट-सीटी, बोन मॅरो (हाडातल्या मज्जेची तपासणी), एंडोस्कोपी, आणि रक्ताच्या डझनभर तपासण्या, त्यात हिपॅटायटिस आणि एचआयव्हीसुद्धा. एचआयव्ही वाचून सासऱ्यांनी जेवण सोडलं. चट्टा करंगळीच्या नखाएवढा आहे हो! दीर म्हणतात सगळी लूट आहे. नवरा म्हणतो, डॉक्टर म्हणतात ते गुपचूप करू. मी मधल्या मध्ये.

यातल्या कुठल्या तपासणीने नक्की काय कळतं आणि कुठली टाळली तर चालेल, कोणी सांगू शकेल का?

---

हिशेबनीस | ४ जून, रात्री ११:०५

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. बायोप्सी झाली, रोगाचं नाव कळलं. आता उपचार सुरू करायचे सोडून अख्ख्या शरीराचं स्कॅनिंग कशाला? रेफर करणारा आणि मशीनवाला यांच्यात काय चालतं ते शेंबडं पोरही सांगेल. दिरांचं बरोबर आहे.

---

पाटावरवंटा | ४ जून, रात्री ११:२०

ताई, काळजी घ्या. सासऱ्यांना आधी जेवायला लावा. एचआयव्ही, हिपॅटायटिस हल्ली मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीसुद्धा करतात म्हणून सांगा.

---

अणूरेणू | ५ जून, सकाळी ७:१५

मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये आहे. म्हणजे "मशीनवाला" तो मीच. हिशेबनीस आधीच उखडलेले आहेत, तरी लिहितो. पेशंट न बघता उपचार सांगणार नाही, तपासण्यांची उकल तेवढी करतो.

पहिली गोष्ट, "डोळ्याचा लिम्फोमा" नावाचा एकच आजार नाही. डोळ्याच्या गोळ्याच्या आत, म्हणजे मागच्या पडद्यावर आणि त्यापुढच्या काचेसारख्या द्रवात होतो तो एक. आणि गोळ्याच्या अवतीभवती, म्हणजे पापणीच्या आतल्या अस्तरात, अश्रुग्रंथीत, खोबणीच्या चरबीत होतो तो दुसरा. नाव सारखं असलं तरी दोघांचे स्वभाव एकमेकांच्या विरुद्ध. आतला बहुतेक वेळा आक्रमक असतो आणि त्याची सोयरीक मेंदूशी. बाहेरचा बहुतेक वेळा माल्ट, आळशी, वर्षानुवर्षं एका जागी बसून राहणारा. तुमच्या सासूबाईंचा हा दुसरा. यादी कुठलीही असो, ती या फरकावरून ठरते. नेटवर वाचताना हा घोळ फार होतो, म्हणून आधी सांगितलं.

आता प्रश्न असा की नखाएवढ्या चट्ट्यासाठी अख्खं शरीर का पाहायचं? कारण तो चट्टा तिथेच सुरू झालाय की दुसरीकडच्या लिम्फोमाची एक फांदी डोळ्यात आलीय, हे पापणी बघून कळत नाही. फक्त तिथेच असेल तर थोडं रेडिएशन देऊन काम होतं. इतरत्रही असेल तर फक्त डोळा शेकून काय उपयोग? मग औषधं, किंवा काही वेळा नुसतं लक्ष ठेवणं. स्टेजिंग म्हणतात ते एवढ्यासाठी. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ॲन आर्बर गावी ठरलेली पद्धत अजून मुळाशी आहे : एका जागी असेल तर एक, छाती-पोटामधल्या श्वासपटलाच्या एकाच बाजूला दोन ठिकाणी असेल तर दोन, दोन्ही बाजूंना असेल तर तीन, सर्वत्र पसरला असेल तर चार. २०१४ मध्ये लुगानो वर्गीकरणाने तिची डागडुजी केली. डोळ्याभोवतालच्या लिम्फोमासाठी वेगळी टीएनएम पद्धतही आहे. तिच्यात नुसतं अस्तर म्हणजे टी १, खोबण धरली तर टी २, पापणी धरली तर टी ३, आणि हाड, सायनस किंवा मेंदूकडे सरकला तर टी ४.

एमआरआय त्यासाठीच. पापणी ओढून दिसतो तो चट्टा अनेकदा बर्फाच्या डोंगराचं टोक असतं, मागे खोबणीत त्याची शेपूट गेलेली असू शकते. लिम्फोमा मऊ असतो, डोळ्याच्या गोळ्याला पिठासारखा लपेटून बसतो, त्याला ढकलत नाही. म्हणून डोळा पुढे आला नाही, नजर बिघडली नाही म्हणजे मागे काही नाही असं धरता येत नाही. दुसरा डोळाही त्याच एमआरआयमध्ये नीट पाहून घ्या. दोन्हीकडे एकदम असणं या आजारात नवलाचं नाही.

पेटबद्दल संध्याकाळी लिहितो, ओपीडी आहे.

---

काचपट्टी | ५ जून, दुपारी १:३०

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये ३१ वर्षं स्लाइड कापल्या, आता निवृत्त. डॉक्टर नाही, तंत्रज्ञ.

स्कॅनच्या आधी एक करा. बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड लॅबमधून मागून घ्या, त्या पेशंटच्या असतात. आणि लिम्फोमा रोज पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून दुसरं मत घ्या, मुंबईत परळला टाटामध्ये हे काम रोजचं आहे. छोट्या तुकड्यात माल्ट, फॉलिक्युलर आणि मँटल सेल या लिम्फोमाच्या प्रकारांची गल्लत होऊ शकते, आणि मँटल निघाला तर सगळा पटच बदलतो. तो एका जागी क्वचितच थांबतो. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीचा (पेशींवरच्या खुणा रंगवून प्रकार ओळखण्याच्या चाचणीचा) कागद सोबत आहे ना, तेवढं बघा. सीडी २०, सीडी ५, सीडी १०, सायक्लिन डी १ असं काहीबाही लिहिलेलं असेल.

चुकीच्या नावावर केलेलं स्टेजिंग म्हणजे चुकीच्या पत्त्यावरचं पार्सल.

---

तळ्याकाठी | ५ जून, दुपारी ३:१०

काचपट्टी काका, कागद आहे. सीडी २० पॉझिटिव्ह, सीडी ५ आणि सीडी १० निगेटिव्ह, सायक्लिन डी १ निगेटिव्ह. ब्लॉक उद्या आणायला जातोय. फार बरं वाटलं वाचून. अणूरेणू, संध्याकाळची वाट बघते.

---

अणूरेणू | ५ जून, रात्री ९:५०

कागद माल्टला धरून आहे, तरी दुसरं मत घ्याच.

पेट. यात साखरेसारखा एक पदार्थ, एफडीजी, शिरेतून देतात. त्याला चिकटवलेल्या किरणोत्सारी फ्लोरिन-१८ चा जोर दर ११० मिनिटांनी निम्मा होतो. ज्या पेशी साखर खातात त्या चित्रात उजळतात. आता यातली मेख ऐका. माल्ट आळशी म्हटलं ना, तो साखरही आळसानेच खातो. काहींचा चट्टा मंद उजळतो, काहींचा अजिबात नाही. त्यात चट्टा नखाएवढा, पातळ. पेटला पाच-सात मिलिमीटरच्या खालचं धड दिसत नाही. आणि शेजारी कोण? मेंदू, जो शरीरातला सर्वात मोठा साखरखाऊ. डोळे फिरवणारे स्नायूही उजळतात. दिवाळीच्या रोषणाईत एक पणती शोधायची म्हणजे काय होईल? त्यामुळे पेटमध्ये डोळा "स्वच्छ" आला म्हणून बायोप्सी खोटी ठरत नाही, हे आधीच मनाशी पक्कं करा. लुगानोतही माल्टसारख्या प्रकारांना सीटी स्कॅन पुरतो असंच म्हटलं आहे.

मग पेट का लिहितात? गळ्यात, छातीत, पोटात, हाडात काही दडलं असेल तर दिसावं म्हणून. आणि या आळशी रोगाचा एखादा भाग आक्रमक प्रकारात बदलला असेल तर तो लख्ख उजळतो, मग बायोप्सी नेमकी कुठून घ्यायची ते कळतं. माझं प्रामाणिक मत विचाराल तर नुसत्या अस्तरातल्या माल्टला छाती-पोटाचा साधा कॉन्ट्रास्ट सीटी करून भागवणारे चांगले डॉक्टर आहेत, आणि पेट करणारेही चांगले आहेत. तेव्हा हिशेबनीस, तुमची शंका पूर्ण चूक नाही. पण "नाव कळलं, सुरू करा" हे साफ चूक.

पेट ठरलाच तर एक गोष्ट आवर्जून. नेहमीचा पेट कवटीच्या तळापासून मांडीच्या मध्यापर्यंत घेतात. म्हणजे डोळे चौकटीच्या बाहेरच राहू शकतात! आमच्याकडे एकदा असंच बाहेरून आलेलं स्कॅन पाहिलं होतं, डोळ्याच्या लिम्फोमाचं, आणि डोळेच नाहीत. आधीच चिठ्ठीवर लिहून घ्या, डोक्यासकट.

आणि मधुमेह. चार ते सहा तास उपाशी, साखर २०० च्या आत. मेटफॉर्मिन चालू असेल तर आतडी इतकी उजळतात की पोटातलं काही दिसेनासं होतं, म्हणून दोन दिवस आधी थांबवावी का ते विचारा, स्वतःहून थांबवू नका. इंजेक्शननंतर तासभर शांत पडून राहायचं, मोबाइल नाही, बडबड नाही. बोललं तर स्वरयंत्राचे स्नायू उजळतात. घरी आल्यावर त्या दिवशी लहान मूल मांडीवर नको, गरोदर सुनेपासूनही थोडं लांब.

---

पाटावरवंटा | ५ जून, रात्री १०:१५

तासभर बडबड नाही हे माझ्या सासूबाईंना जमलंच नसतं. असो, अवांतर.

डॉक, कुठेतरी वाचलं की हा आजार पोपटामुळे होतो. आमच्याकडे दोन आहेत.

---

अणूरेणू | ५ जून, रात्री १०:३२

पोपट सुखात राहू द्या. २००४ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांना डोळ्याभोवतालच्या अशा लिम्फोमाच्या बहुतेक नमुन्यांत क्लॅमिडिया सिटासी सापडला. हा जंतू पक्ष्यांकडून येतो. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक देऊन काहींचा चट्टा विरलाही. पण इतर बऱ्याच देशांत शोधलं तर तो जंतू अगदी कमी किंवा मुळीच मिळाला नाही. म्हणून ते सगळीकडचं कारण मानत नाहीत.

---

हिशेबनीस | ६ जून, सकाळी ८:००

ठीक. पेटबद्दल डॉक्टर स्वतःच म्हणतात की सीटीने भागतं, एवढं मान्य केलंत याबद्दल मानलं. मग डोळ्यासाठी एंडोस्कोपी? ती कशी बसवता?

---

अणूरेणू | ६ जून, दुपारी २:२०

माल्ट पोटातच सर्वात जास्त आढळतो, हेलिकोबॅक्टर जंतूच्या संगतीने. आणि हा लिम्फोमा शरीरातल्या अस्तरांमध्ये फिरतो : डोळा, लाळग्रंथी, पोट, फुप्फुस. काही केंद्रं सगळ्यांची एंडोस्कोपी करतात, काही फक्त ॲसिडिटी, वजन घटणं, हिमोग्लोबिन कमी असं काही असेल तर. विचारण्यासारखा प्रश्न आहे, विचारा.

बोन मॅरोचंही तसंच. माल्टमध्ये मज्जेत पसरलेला सापडण्याचं प्रमाण कमी असतं. फक्त रेडिएशन द्यायचं ठरत असेल तर "एका जागी आहे" याची खात्री म्हणून करतात. रक्तात काही गडबड नसेल आणि वय फार असेल तर काही डॉक्टर टाळतात. ही मात्र टाळू नका : हिपॅटायटिस बी. एचबीएसएजी आणि त्यासोबत अँटी-एचबीसी, या दोन रक्तचाचण्या. उद्या रिटुक्सिमॅब हे लिम्फोमाचं औषध द्यायची वेळ आली आणि जुना बी लिव्हरमध्ये झोपलेला असला, तर तो जागा होऊन लिव्हर निकामी करू शकतो. या यादीतली सर्वात स्वस्त आणि माझ्या मते सर्वात मोलाची ओळ हीच. हिपॅटायटिस सी पाहतात कारण त्याचा या लिम्फोमाशी संबंध काही जागी दिसलाय.

---

दक्षिणायन | ६ जून, रात्री ११:४८

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. माझ्या वडिलांना आतला होता. अणूरेणूंनी वर म्हटला तो पहिला.

२०१९ ची गोष्ट. बाबा ६४. दोन्ही डोळ्यांपुढे काळे ठिपके, धुकं. डोळ्याच्या आत सूज आहे, युव्हायटिस, असं निदान. मँटू (क्षयाची त्वचेवरची चाचणी) पॉझिटिव्ह आली, आपल्याकडे येतेच, म्हणून क्षयाच्या गोळ्या सुरू. सोबत स्टिरॉइड. स्टिरॉइडने धुकं कमी व्हायचं, सगळे खूश. डोस कमी केला की परत. असं चौदा महिने. आता कळतं, स्टिरॉइड लिम्फोमाच्या पेशी विरघळवतं. बरं वाटतं आणि पुरावाही जातो.

शेवटी चेन्नईला गेलो. त्यांनी स्टिरॉइड थांबवून काही आठवडे वाट पाहिली, मग डोळ्यातलं द्रव शस्त्रक्रियेने काढून पाठवलं. पहिल्यांदा काहीच मिळालं नाही, पेशी नाजूक असतात, लॅबपर्यंत पोहोचेतो मरतात. दुसऱ्या डोळ्यातून पुन्हा घेतलं. तेव्हा मिळाला, सोबत इंटरल्यूकिन-१० हे प्रथिन इंटरल्यूकिन-६ पेक्षा कितीतरी जास्त, आणि मायडी८८ नावाचा जनुकातला बदल.

पेट केला. स्वच्छ. आम्ही पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. डॉक्टर म्हणाल्या, या प्रकारात पेट स्वच्छ येणं म्हणजे अंगात दुसरीकडे नाही एवढंच, आता मेंदूचं बघू. मेंदूचा एमआरआयही स्वच्छ. पाठीतलं पाणी स्वच्छ. पुरुषांत अंडकोषाची सोनोग्राफीही करतात, तीही केली. फक्त डोळ्यात मेथोट्रेक्सेट या कॅन्सरच्या औषधाची इंजेक्शनं सुरू केली, ४०० मायक्रोग्रॅम, दर वेळी डोळ्यात सुई. दर तीन महिन्यांनी एमआरआय. तिसऱ्या एमआरआयला मेंदूत दोन ठिपके दिसले, बाबांना तेव्हा काहीही त्रास नव्हता. लक्षणांची वाट पाहिली असती तर? ते ठिपके लवकर दिसले म्हणून जोरदार केमो झेपली. बाबा त्यानंतर तीन वर्षं होते, त्यातली अडीच चांगली, क्रिकेट बघत.

म्हणून हिशेबनीस, सगळं कट नसतं.

---

हिशेबनीस | ७ जून, सकाळी ६:५५

दक्षिणायन, माफ करा. वडिलांबद्दल वाईट वाटलं. माझ्या भावाच्या वेळी वेगळा अनुभव आला होता म्हणून तसं लिहितो.

---

काचपट्टी | ७ जून, सकाळी १०:०५

दक्षिणायन यांनी लिहिलं ते लॅबच्या बाजूने सांगतो. डोळ्यातलं द्रव आमच्याकडे संध्याकाळी साडेपाचला, साध्या बाटलीत, काहीही न कळवता यायचं. सकाळपर्यंत त्यात बघण्यासारखं काही उरायचं नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी पॅथॉलॉजिस्टला फोन केला असेल तर नमुना हातोहात जातो. नातेवाइकांनी फक्त एवढं विचारावं, "लॅबला कळवलंय ना?"

---

एडिसनकर | ७ जून, रात्री ९:३०

न्यू जर्सीहून. मला स्वतःला २०१७ मध्ये हाच झाला, उजव्या डोळ्याच्या अस्तरात. इथे याला "सॅमन पॅच" म्हणतात, त्या माशाच्या रंगामुळे. (आपला रावस म्हणजे इंडियन सॅमन, पण त्याच्या तुकडीचा रंग तसा नसतो, मासे खाणारे साक्ष देतील.)

माझा बोन मॅरो झाला. पालथं झोपवून कमरेमागच्या हाडातून काढतात. बधिर करतात, पण मज्जा ओढताना पायापर्यंत एक विचित्र कळ जाते, दोन-तीन सेकंद. सुई किती मोठी ते सांगितलं नाही तर बरं, दाखवू तर नयेच. एंडोस्कोपी नाही केली, मला पोटाचं काही नव्हतं. एकेक तपासणीला विम्याची मंजुरी, तिथे सहा आठवडे गेले. डॉक्टर म्हणाल्या, हा रोग सहा आठवडे थांबतो, तू थांबशील का? रेडिएशन २४ ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनच्या मात्रेचं माप), १२ दिवस. मोतीबिंदू लवकर आला, डोळा कोरडा आहे, बाकी मस्त.

---

तळ्याकाठी | १७ जून, रात्री ११:१५

अपडेट देते. हात थरथरताहेत.

दुसरं मत : माल्टच. एमआरआय : चट्टा अस्तरातच, मागे खोबणीत काही नाही, उजवा डोळा स्वच्छ. हिपॅटायटिस, एचआयव्ही निगेटिव्ह. बोन मॅरो निगेटिव्ह. एंडोस्कोपी डॉक्टरांनी आत्ता नको म्हटलं.

पेट डोक्यासकट केला. डोळ्यात काहीच उजळलं नाही. पण छातीच्या मध्यभागी, श्वासनलिकेजवळ, दोन गाठी लख्ख उजळल्या. रिपोर्टवर लिहिलंय "लिम्फोमाचा सहभाग नाकारता येत नाही, संसर्गाशी पडताळून पाहावे". ज्युनियर डॉक्टर म्हणाले स्टेज दोन, केमोचा विचार करावा लागेल. सासूबाईंना अजून सांगितलं नाही. नवऱ्याने दिरांना फोन केला आणि दोघं भांडले.

---

अणूरेणू | १८ जून, सकाळी ६:४०

ताई, थांबा. घाबरू नका, पण थांबाच.

आळशी माल्ट डोळ्यात दिसतही नाही आणि तोच छातीत लख्ख उजळतो, हे चित्र जुळत नाही. एक तर तिथला रोग वेगळा, आक्रमक आहे. नाही तर तो लिम्फोमाच नाही. पेटला साखर कोण खातंय एवढंच दिसतं, कशासाठी खातंय ते दिसत नाही. आपल्या देशात छातीच्या मधल्या गाठी उजळल्या की क्षय आणि सारकॉइड (संसर्ग नसताना अशाच गाठी करणारा आजार) ही नावं लिम्फोमाच्या बरोबरीने डोक्यात आली पाहिजेत. मी स्वतः अशा गाठींचं निदान चित्रावरून करत नाही.

गाठीचा नमुना घ्यायला सांगा. श्वासनलिकेत दुर्बीण घालून, सोनोग्राफीने गाठ बघत सुई मारतात, ईबस म्हणतात. त्याच नमुन्यावर क्षयाची सीबीनॅट चाचणीही मागा, नाहीतर सगळा नमुना कॅन्सरच्या शोधात संपतो. तोवर स्टेजचा आकडा कोणी सांगितला तरी कानाआड करा. सासूबाईंना खोकला, संध्याकाळचा ताप, वजन?

---

तळ्याकाठी | १८ जून, सकाळी ७:२०

खोकला नाही. संध्याकाळी अंग कोमट लागतं म्हणतात, आम्ही म्हणायचो उन्हाळा आहे. वजन तीन किलो कमी झालंय, आम्हाला वाटलं डायबेटिसचं पथ्य.

---

दक्षिणायन | १८ जून, सकाळी ७:४५

माझ्या बाबांना लिम्फोमा असून क्षयाच्या गोळ्या दिल्या. तुमच्याकडे क्षय असून केमो होता होता राहो. नमुना घेतल्याशिवाय हलू नका.

---

तळ्याकाठी | ३ जुलै, संध्याकाळी ६:३०

ईबस झाली. लिम्फोमाच्या पेशी नाहीत. ग्रॅन्युलोमा (क्षयात दिसतात तसे सुजेच्या पेशींचे पुंजके) आहेत आणि सीबीनॅट पॉझिटिव्ह, रिफाम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधाला दाद देणारा. छातीतला तो क्षय निघाला. डोळ्यातला तो डोळ्यातला, स्टेज एक.

क्षय झाला म्हणून घरात आनंद झाला, असं घर तुम्ही कधी पाहिलंय का? दीर पेढे घेऊन आले. सरकारी केंद्रात नाव नोंदवलं, गोळ्या सुरू झाल्या. कर्करोगतज्ज्ञ म्हणाले, डोळ्याला घाई नाही, दीड-दोन महिने गोळ्या पोटात जाऊ देत, मग रेडिएशन.

हिशेबनीस दादा, एक सांगू? पेटला सोळा हजार गेले ते खुपत होते. आता डोळ्यासाठी त्याचा काही उपयोग झाला नाही हे खरंच आहे. पण क्षय सापडला तो त्यातच.

---

हिशेबनीस | ३ जुलै, रात्री ८:१०

मान्य. पण छातीचा सीटी केला असता तर त्यातही गाठी दिसल्या असत्या, कमी पैशांत. अणूरेणू, बरोबर ना?

---

अणूरेणू | ३ जुलै, रात्री ९:००

बहुधा दिसल्या असत्या, हो. तुम्ही वकील व्हायला हवं होतं.

ताई, आता एक महत्त्वाचं. क्षयाच्या गोळ्यांत इथॅम्ब्युटॉल असतं, आणि आपल्याकडे ते सहाही महिने देतात. ते काही लोकांत डोळ्याच्या नसेवर परिणाम करतं, लाल-हिरवा रंग फिका दिसू लागतो, नजर मंदावते. सासूबाईंची नजर कमी झाली तर सगळे "डोळ्याचं ते" वाढलं किंवा रेडिएशनमुळे झालं असं समजतील आणि गोळी चालूच राहील. आजच नेत्रतज्ज्ञांकडे दृष्टी आणि रंगदृष्टी तपासून कागदावर नोंद करून घ्या, नंतर दर महिन्याला. मधुमेहाचा पडदाही त्याच भेटीत होईल.

---

तळ्याकाठी | ३ जुलै, रात्री ९:१२

हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. सोमवारी जाते.

---

तळ्याकाठी | २० सप्टेंबर, दुपारी ४:००

रेडिएशन संपलं. १२ दिवस, २४ ग्रे. चेहऱ्याचा जाळीदार मुखवटा करून टेबलाला अडकवतात, सासूबाईंना पहिल्या दिवशी गुदमरल्यासारखं झालं, मग त्या आत रामरक्षा म्हणायला लागल्या. तंत्रज्ञ म्हणाला, आजी, एक रामरक्षा व्हायच्या आत झालेलं असतं. भिंगाला झळ कमी बसावी म्हणून डोळ्यावर झाकण ठेवायचे. पापणी लाल झाली, डोळा चुरचुरतो, कृत्रिम अश्रूंचे थेंब चालू आहेत. रंगदृष्टी ठीक.

काही ठिकाणी फक्त दोन दिवसांत ४ ग्रे देतात असं तिथे शेजारच्या पेशंटने सांगितलं. आपल्याला का नाही दिलं, असं सासऱ्यांनी विचारलं.

---

एडिसनकर | २० सप्टेंबर, रात्री ८:४५

अभिनंदन! इथे त्याला "बूम बूम" म्हणतात, दोन झटके. दुष्परिणाम कमी, पण ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत २४ ने रोग जास्त काळ आटोक्यात राहिला. म्हणून कुठे आधी चार देऊन बघतात, पुरलं नाही तर उरलेलं देतात. दोन्ही मार्ग चालतात.

---

तळ्याकाठी | १२ जानेवारी, रात्री ९:२५

धागा वर काढतेय, कारण बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोप करून विचारलं.

क्षयाच्या गोळ्या या आठवड्यात संपल्या. वजन परत आलं. चट्टा गेला. मी विचारलं, आता परत पेट कधी? डॉक्टर हसून म्हणाले, जो पेटमध्ये कधी दिसलाच नाही तो बरा झालाय का हे पेटमध्ये कसं दिसेल? दर सहा महिन्यांनी पापणी उलटवून, दोन्ही डोळ्यांची, प्रत्यक्ष बघायचं, मान-काख-पोट हाताने तपासायचं, रक्त. एमआरआय काही वेगळं वाटलं तर. हा रोग दहा-दहा वर्षांनीही दुसऱ्या जागी डोकं काढतो, म्हणून येणं सोडायचं नाही, एवढं बजावलं.

आणि दर महिन्याला खिडकीत, सकाळच्या उजेडात, पापणी ओढून मोबाइलवर फोटो काढून ठेवायला सांगितलंय, म्हणजे पुढच्या वेळी तुलना करता येते. हे काम नातवाकडे आहे. या महिन्याच्या फोटोत चट्टा नाही, अस्तर फिकट गुलाबी आहे. मागे ओट्यावर दूध उतू जाताना मात्र स्पष्ट दिसतंय.